तुमकूरची पाहणी आणि खेड्यातील क्षयनिदान

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, तरी भारतात फुप्फुसाच्या क्षयाचे निदान पुढची सत्तर वर्षे प्रामुख्याने शहरांतील रुग्णालये आणि आरोग्यधामे यांच्याच आवाक्यात राहिले, कारण हा गिरण्यांच्या आणि कोंदट वस्त्यांच्या शहरांचा रोग आहे, असा समज दृढ होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात केलेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने तो मोडीत काढला. खेड्यांतही रोगाचे प्रमाण शहरांच्या जवळपास तेवढेच आढळले, आणि देशातील दर पाचांपैकी चार माणसे तेव्हा खेड्यांत राहत असल्याने बहुसंख्य रुग्ण क्ष-किरण यंत्रापासून आणि विजेपासून दूर होते.

बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेली, १९६३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी या इतिहासात सर्वांत महत्त्वाची मानावी लागते. खेडूत अडाणी असतो, दुखणे अंगावर काढतो, अशी तोवर सर्रास धारणा होती. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि सुमारे निम्मे जण दवाखान्याची पायरी चढूनही आले होते, पण तेथून बहुधा खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. अडथळा दवाखान्याच्या आत होता, आणि हे कटू सत्य वैद्यकव्यवस्थेच्या आजही पुरते पचनी पडलेले नाही.

१९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने म्हणूनच दीर्घ खोकल्याची तक्रार घेऊन आपणहून येणाऱ्याचा बेडका, म्हणजे छातीतून खाकरून काढलेला कफ, तपासण्यावर भर दिला. काचपट्टीवर त्याचा पातळ थर पसरून वाळवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा, त्यावर कार्बल फुक्सीन हा तांबडा रंग ओतून वाफ निघेपर्यंत तापवायचा, मग आम्लाने धुऊन निळा रंग द्यायचा. आम्लालाही दाद न देणारा क्षयजंतू निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काडीसारखा उठून दिसतो. ही तपासणी स्वस्त खरी, परंतु दर मिलिलिटरमागे ५,००० ते १०,००० जंतू असल्याखेरीज ते सहसा नजरेस पडत नाहीत, आणि रुग्णाने बेडक्याऐवजी नुसती लाळ दिली, तर तंत्रज्ञाची सारी मेहनत वाया जाते.

जंतूचे जनुकीय द्रव्य ओळखणारे, गोव्यातील मोल्बायो कंपनीचे ट्रूनॅट हे यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याची शिफारस केली. लहान मुले मात्र कफ गिळून टाकतात, म्हणून त्यांचा नमुना अनेकदा नाकावाटे जठरात नळी घालून काढावा लागतो, आणि ते कौशल्य प्रत्येक आरोग्य केंद्रात उपलब्ध नसते.