नांव एक, वस्तु दुसरी

नागपुराहून भंडाऱ्यास जाणाऱ्या वाटेवर जवाहरनगर आहे. दारूगोळ्याचा कारखाना आणि त्याच्या आश्रयानें वाढलेली वसाहत, हीच त्या गांवाची ओळख. स्फोटक द्रव्यांच्या धंद्यांत पेटीवरील चिठ्ठी ही शोभेची वस्तु नसते. आंत काय आहे, तें कसें उचलावें, कशाशेजारीं ठेवूं नये, याचा सारा निर्णय त्या चिठ्ठीवरून व्हावयाचा असतो. चिठ्ठी एका मालाची आणि पेटींत माल भलताच, असें झालें तर उचलणाऱ्याचें कौशल्य व्यर्थ होय. किंबहुना तो जितका नियमानें वागेल तितका अधिक फसेल. नेमका हाच प्रकार लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नेलमध्यें, २०१६ पासून २०२० पर्यंत चालू होता, आणि तो कोणाच्या लक्षांत आला नव्हता.

लिनक्सचा आरंभ १९९१ सालीं हेलसिंकी येथील लायनस टॉरवाल्ड्‌स या विद्यार्थ्यानें केला. गाभा लिहिला गेला तो सी या भाषेंत. बेल प्रयोगशाळेंतील डेनिस रिची यांनीं १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ती भाषा घडविली, आणि यंत्राच्या अगदीं निकट जाऊन काम करणाऱ्यांना ती फार सोयीची वाटली. तिच्यांत अशी मुभा आहे कीं, एखाद्या वस्तूचा केवळ पत्ता लिहून ठेवावा आणि ती वस्तु कोणत्या जातीची हें लिहूंच नये. पत्ता वापरणाऱ्यानें आपल्या जबाबदारीवर ती जात ठरवावयाची. हा आळस नव्हे. एकाच सांच्यांतून अनेक कामें करून घ्यावयाचीं असलीं म्हणजे असा कोरा पत्ता उपयोगीं पडतो. परंतु वापरणाऱ्याचा तर्क चुकला तर त्याला अडविणारें तेथें कोणी नसतें.

ब्लूटूथ ही जवळच्या यंत्रांना तारेवांचून जोडणारी योजना. दहाव्या शतकांतील एका डॅनिश राजाच्या टोपणनांवावरून तिचें बारसें झालें आणि १९९८ सालीं पांच मोठ्या कंपन्यांनीं तिच्यासाठीं संघ स्थापिला. तिच्या दळणवळणाच्या वाहिन्या असतात. लिनक्सच्या गाभ्यांत प्रत्येक वाहिनीची एक नोंद असते, आणि त्या नोंदींत वर सांगितलेल्या प्रकारचा एक कोरा पत्ता असतो. सामान्यतः तो सॉकेटचा असे. सॉकेट म्हणजे एखादा कार्यक्रम ज्यांतून संदेश घेतो-देतो तें दार. पुढें २००९ सालीं ब्लूटूथची तिसरी आवृत्ति निघाली. तींत वाटाघाटी ब्लूटूथनें कराव्या आणि जड ओझें वाय-फायनें वाहावें, अशी युक्ति होती. ती लिनक्सनेंही उचलली. तिच्या वाहिनीला सॉकेट नव्हतें; त्या जागीं या नव्या कामाच्या व्यवस्थापकाचा पत्ता लिहिला जाऊं लागला. येथपर्यंत सर्व ठीक होतें. युक्ति मात्र लोकांच्या वापरांत फारशी रुजली नाहीं.

गंमत अशी कीं, पुढील दोष एका दुरुस्तींतून जन्मला. सॉकेटला संदेशांची गाळणी लावतां येते. नको तें पाकीट ती टाकून देते. २०१६ सालीं या गाळणीच्या वापराची तपासणी चालू असतां असें दिसलें कीं, गाळणीनें नाकारलेलें पाकीट आणि जागा भरल्यामुळें परत आलेलें पाकीट यांत ब्लूटूथचा विभाग भेद करीत नव्हता. नाकारलेलें पाकीट तो जपून ठेवी आणि जागा रिकामी होण्याची वाट पाही. ती वाट कधींच संपावयाची नव्हती, आणि वाहिनी तुंबून बसे. उपाय सरळ होता: गाळणी अलीकडे, पाकीट आंत येतांच लावावी. तशी ती लावली. परंतु ज्या नाक्यावर ती आली, तो सर्व जातींच्या वाहिन्यांचा सामाईक नाका होता, आणि तेथें वाहिनीच्या नोंदींतील पत्ता सॉकेटचाच आहे असें गृहीत धरलें गेलें. तुंबलेली वाहिनी मोकळी झाली. व्यवस्थापकाची वाहिनी मात्र विसरली गेली.

गूगलमधील सुरक्षा-अभियंते अँडी न्गुएन यांना २०२० सालीं हें आढळलें. व्यवस्थापकाच्या वाहिनीवर योग्य त्या रीतीनें पाकीट पाठविलें कीं गाभा व्यवस्थापकास सॉकेट समजून त्याच्यांत गाळणीचा पत्ता शोधूं लागे. व्यवस्थापकाची नोंद अवघी ११२ बाइटांची, आणि ती १२८ बाइटांच्या कप्प्यांत ठेवलेली. सॉकेटमध्यें गाळणीची जागा मात्र याच्या दुपटीहून अधिक अंतरावर. म्हणजे गाभ्याचा हात आपला कप्पा ओलांडून शेजाऱ्याच्या कप्प्यांत जाई, आणि तेथें जें सांपडेल त्यास गाळणी मानी. तो शेजारचा मजकूर पाठविणाऱ्यानेंच आधीं पेरून ठेवला असेल तर? मग यंत्र त्याच्या आज्ञेंत आलें. यंत्राच्या धन्यानें कांहींही दाबण्याची, कशालाही संमति देण्याची आवश्यकता नव्हती. हल्लेखोर जवळपास असावा आणि त्याला त्या यंत्राचा ब्लूटूथ-पत्ता ठाऊक असावा, एवढें पुरे होतें. मात्र अँड्रॉइडचे दूरध्वनि लिनक्सच्या गाभ्यावर चालत असले तरी ब्लूटूथचें हें काम ते निराळ्या आज्ञावलीकडून करून घेतात, म्हणून हें संकट मुख्यतः लिनक्सच्या संगणकांवरचें होतें.

न्गुएन यांनीं या दोषाला ‘बॅडकर्मा’ असें नांव दिलें. पूर्वीच्या कृतीचें फळ चार वर्षांनीं पुढें आलें, हें पाहतां नांव देणाऱ्याला कर्मविपाक कितपत ठाऊक होता कोण जाणे, पण शब्द चपखल बसला. सरकारी वहींत त्याची नोंद सीव्हीई-२०२०-१२३५१ अशी आहे.

दुरुस्ती इंटेलमधील लुईस आउगुस्तो फॉन डेन्त्स यांनीं लिहिली. नाक्यावर जात ओळखण्याची पाटी लावणें हा एक मार्ग होता. त्यांनीं तो घेतला नाहीं. गाळण्याचें काम त्यांनीं नाक्यावरून काढून प्रत्येक वाहिनीच्या स्वाधीन केलें. ज्या वाहिनीला गाळणी हवी तिनें आपली स्वतःची द्यावी. जिनें दिली नाहीं तिचें पाकीट तसेंच पुढें जावें. सॉकेटवाल्या वाहिनीनें आपली गाळणी दिली, कारण तिला आपल्या पत्त्यावर सॉकेट आहे हें निश्चित ठाऊक होतें. व्यवस्थापकाच्या वाहिनीनें कांहींच दिलें नाहीं. तर्क करण्याचा प्रसंगच उरला नाहीं. मोजक्या ओळींची ही दुरुस्ती चार वर्षांपूर्वींच्या दुरुस्तीहून अधिक विचारपूर्वक केलेली आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण ती लोकांपर्यंत पोंचतांना गोंधळ झालाच. ऑक्टोबर २०२० मध्यें दोष जाहीर झाला तेव्हां इंटेलच्या सूचनापत्रकांत गाभ्याची ५.९ ही आवृत्ति घ्यावी असें छापलें होतें. ती आवृत्ति दोनच दिवस आधीं निघाली होती, आणि तींत ही दुरुस्ती नव्हती! दुरुस्ती पुढच्या आवृत्तीसाठीं राखलेल्या संचांत पडून होती. पत्रक सुधारून ५.१० असें करावें लागलें, आणि ती तर १३ डिसेंबरला निघावयाची होती. तोंवर दोष जगजाहीर आणि औषध कपाटांत, अशी स्थिति झाली असती. म्हणून १७ ऑक्टोबरच्या ५.९.१ या लहान आवृत्तींत दुरुस्ती घालण्यांत आली.

वाय-फायच्या पाठीवर ओझें देण्याची ती मूळ युक्ति २०२१ सालीं ब्लूटूथच्या ५.३ या आवृत्तींतून वगळण्यांत आली. लिनक्समधील तिची आज्ञावली २०२४ सालीं काढून टाकली गेली, आणि तिच्याबरोबर तो व्यवस्थापकही गेला. सॉकेटवाल्या वाहिनीची गाळणी मात्र फॉन डेन्त्स यांनीं तिच्या स्वाधीन केली होती तशीच मागें राहिली.