बाबूराव अर्नाळकर : वाचले पुष्कळ, जपले थोडे

मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी रहस्यकथेला बहुधा ओसरीवरच बसविले. माजघरात घेतले नाही. तथापि विसाव्या शतकाच्या मध्यास सामान्य मराठी माणसाला वाचनाची गोडी कोणी लावली, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देऊ गेल्यास बाबूराव अर्नाळकर हे नाव टाळता येत नाही.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. जन्म 1906 चा, निधन 1996 चे. वसई तालुक्यातील अर्नाळा या समुद्रकाठच्या गावाचे नाव त्यांनी लेखनासाठी धारण केले. मुंबईत चष्म्यांचे दुकान सांभाळणाऱ्या या गृहस्थाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. एडगर वॉलेससारख्या इंग्रजी लेखकांचे ऋण त्यांच्या कथानकांवर होते. परंतु पात्रांची भाषा, घरे आणि रस्ते मराठी होते. झुंजार आणि त्याची पत्नी विजया, काळापहाड, गुप्तहेर धनंजय व त्याचा मदतनीस छोटू ही मंडळी घरोघरी ओळखीची झाली. झुंजार कायद्याची चौकट ओलांडी, पण दुर्बळाला नाडणाऱ्याचेच पारिपत्य करी. अखेरीस दुष्टाला शासन होणारच, हा विश्वास वाचकाला त्या पानांत मिळत असे. या कथांना निव्वळ करमणूक म्हणून हिणविणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी, असे आम्हांस वाटते.

ही पुस्तके हलक्या कागदावर छापली जात, अल्प किमतीत विकली जात आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून हातोहात फिरत. पाने सुटली की रद्दीत जात. लोकप्रियता हीच त्यांच्या नाशाचे कारण ठरली.

असे भाग्य अधिक थोर ग्रंथाच्याही वाट्यास आले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616, 1649 आणि 1654 अशा तीन वेळा छापले गेले. त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळे. त्यांच्याच आधारे 1907 मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. पुराण आणि रहस्यकथा यांची बरोबरी आम्ही करीत नाही. आम्ही दाखवितो ते इतकेच, की छापले म्हणजे टिकले असे नव्हे. ‘ख्रिस्तपुराणा’ची नक्कल करणारे हात होते, झुंजारकथांची नक्कल कोण करणार?

अमेरिकेने या बाबतीत निराळी वाट धरली. पेरी मेसन या वकिलाच्या कथा लिहिणारे अर्ल स्टॅनली गार्डनर हेही असेच प्रचंड लेखन करणारे, समीक्षकांना फारसे मान्य नसलेले लेखक. 1970 मध्ये ते वारले. त्यांची कागदपत्रे ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने जतन केली. त्यांची लेखनाची खोलीही तेथे पुन्हा उभारण्यात आली.

आपल्याकडे ग्रंथांचे वैरी पुष्कळ. 1869 साली स्थापन झालेल्या सांगली नगर वाचनालयाची ग्रंथसंपदा 2019 च्या कृष्णेच्या महापुरात मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. जी पुस्तके अनेक ठिकाणी असतात त्यांची भरपाई होऊ शकते. जे पुस्तक एकाच कपाटात उरले आहे, ते गेले की कायमचे गेले.

म्हणून विश्रामबागेतील आणि मिरजेतील आमच्या वाचकांना आमची विनंती आहे. माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कपाटात अर्नाळकरांची पिवळी पडलेली पुस्तके असतील, तर ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नयेत. नाव, प्रकाशक आणि साल वहीत टिपावे, मुखपृष्ठाचे छायाचित्र घ्यावे आणि पुस्तक कोरड्या जागी ठेवावे. विलिंग्डन महाविद्यालयासारखी शतकाहून जुनी विद्यासंस्था ज्या उपनगरात आहे, तेथे अशी यादी करणारे विद्यार्थीही मिळतील. वाङ्मयात अर्नाळकरांचे स्थान कोणते, हा वाद त्यानंतर खुशाल घालावा. पण वाद घालण्यास पुस्तके तरी शिल्लक राहिली पाहिजेत.