मुंबईची पावसाळी संध्याकाळ व ‘छाया’

पाऊस उघडल्यावर मावळतीच्या पिवळ्या उन्हात मुंबईचा किनारा क्षणभर उजळतो. आजचे छायाचित्रकार या घटकेसाठी तिष्ठत उभे राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घेतलेल्या छायाचित्रांत मात्र ती आढळत नाही. या अभावाचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या कार्यात सहभागी होते. जॉन्सन व हेंडरसन यांचा चित्रसंग्रह १८५६ पासून निघू लागला. म्हणजे साधने होती, रसिकही होते. मग तत्कालीन दृष्टीस या प्रकाशाचे सौंदर्य उमगले नव्हते काय?

तसा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. १८५१ मध्ये आर्चरने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा लेप देऊन, ती ओली असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. हा लेप मुख्यतः निळ्या-जांभळ्या किरणांनाच प्रतिसाद देई. पिवळा व तांबडा प्रकाश त्याच्या लेखी जवळजवळ काळोखच होता. म्हणूनच काच धुण्याच्या खोलीत पिवळा प्रकाश निर्धोक चालत असे. जो प्रकाश अंधारकोठडीत चाले, तो चित्रात उमटावा कसा? रंगद्रव्याने लेपाची संवेदनशीलता वाढविता येते, हे फोगेल यांस १८७३ मध्ये आढळले. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा १९०६ मध्ये विक्रीस आल्या. अभाव दृष्टीचा नव्हे, उपकरणाचा होता.

दृष्टीची साक्ष भाषेत शोधावी लागते. ‘उघडीप’, ‘कोवळे ऊन’, ‘तिन्हीसांजा’ हे शब्द प्रकाशाच्या बदलत्या छटा ओळखणाऱ्या समाजाचे आहेत. ‘छायाचित्र’ या शब्दातील ‘छाया’ही तशीच. संस्कृतात ती सावली, प्रतिबिंब आणि कांती या तिन्ही अर्थांनी येते. कलोडियनला यांपैकी शेवटचा अर्थ पेलला नाही, एवढेच.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग वगळता आमचा अहिल्यानगर जिल्हा बहुतांशी पर्जन्यछायेत मोडतो. ढग येथवर येतात, पाऊस मात्र सह्याद्रीवरच बरेचसे रिते होऊन. तो येथे कमी पडतो, म्हणून तो कोठेच पडला नाही असे कोणी म्हणत नाही. जुनी छायाचित्रे पुरावा म्हणून वापरणाऱ्या अभ्यासकाने हाच विवेक बाळगावा. चित्रात जे नाही, ते नव्हतेच असे म्हणण्यापूर्वी ते चित्रात उमटू शकत होते काय, हे आधी तपासावे.