तसबिरींतील लुगडें

राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढिला. तेथील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींवर कित्येक घरांतून टिकल्या, जर व कापड चिकटवून देवीस खरेंच लुगडें नेसवीत असत. तसबिरीवर चित्रकाराचें नांव राहिलें. नेसविणारे हात निनांवी राहिले.

१९७४ सालीं एडविन कॅटमल यांनीं यूटा विद्यापीठाच्या प्रबंधांत संगणकांतील आकृतीवर सपाट चित्र पांघरण्याची रीत मांडिली. आज घोडेगांवींहि एखादी मुलगी संगणकावर पैठणीचा एक मोर रेखून काठभर उमटवूं शकेल. रेषा गणिताच्या असल्यानें मोर कितीहि वाढविला तरी कडा विसकटत नाहींत. परंतु निरींत काठ कोठें लपतो, हें लुगडें नेसणाऱ्या आजीलाच विचारावें लागेल. तेव्हां चित्राखालीं तिचेंहि नांव असावें.