न विरघळणारा मणी

पाण्यात तेल घालून जोरात ढवळले की त्याचे बारीक थेंब होतात. ढवळणे थांबले की ते पुन्हा एकत्र येतात. पण त्याआधीच थेंब घट्ट झाले तर? निलंबन बहुवारिकीकरणात हेच घडते. पाण्यातला स्थिरक थेंबांना चिकटू देत नाही आणि स्टायरीनच्या प्रत्येक थेंबाचा गोल मणी होतो.

नुसत्या पॉलिस्टायरीनचा मणी टोल्युइनमध्ये विरघळतो. किंचित डायव्हिनाइलबेन्झीन मिसळले, तर साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात; मग मणी फक्त फुगतो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील ब्रूस मेरिफील्ड यांना असाच मणी हवा होता. पेप्टाइड बनवताना एकेक अमिनो आम्ल जोडायचे, दर वेळी शुद्धीकरण करायचे आणि दर वेळी थोडा माल गमवायचा! त्यांनी पहिले अमिनो आम्लच मण्याला बांधले. साखळी मण्यावर वाढत गेली. उरलेली रसायने नुसती धुऊन टाकता आली. १९६३ मध्ये त्यांनी चार अमिनो आम्लांची साखळी प्रसिद्ध केली. १९६९ मध्ये १२४ अमिनो आम्लांचे रायबोन्यूक्लिएझ. १९८४ चे नोबेल त्यांना मिळाले.

गाळणे, धुणे ही मुलांना किरकोळ कामे वाटतात. त्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.