घर बघताना आधी पाण्याचा इतिहास बघा

साताऱ्यात नाहीतर सांगलीत फ्लॅट घ्यायचा म्हटलं की लोक मला विचारतात, "एरिया कसा आहे?" मी थेट इतिहास सांगायला लागतो. हसू नका मंडळी, कारण आहे.

सातारा डोंगराच्या कुशीतलं गाव. 1708 साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथं झाला आणि पुढं अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठा वसल्या. पण नदी लांब, मग एवढ्या वस्तीला पाणी आणायचं कुठून? यवतेश्वरच्या डोंगरातलं पाणी खापरी नळांनी हौदांत आणलं. प्रतापसिंह महाराजांच्या काळात महादरेचं तळं झालं, एकोणिसाव्या शतकातच पुढं कासचा तलाव. आधी पाण्याची सोय, मग वस्ती, असा तो हिशोब होता. आता उलटं झालंय. 2020 साली हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर शहरात आले. आपण आधी घर घेतो आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते राहायला गेल्यावर विचारतो.

सांगलीची गोष्ट वेगळी. 1801 साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या सांगलीला राजधानी केली. इथं पाणी कुठून आणायचं हा प्रश्न नव्हता, ते कुठवर येतं हा होता. 1929 च्या आयर्विन पुलावर आजही सगळ्या गावाचे डोळे असतात. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉटमधली माणसं तर इशाऱ्याच्या आधीच सामान हलवायला लागतात. 2005 च्या पुरात हरिपूरच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरलं. 2019 ला पातळी 57 फुटांच्या वर गेली, आणि दोनच वर्षांनी, 2021 ला, पुन्हा पूर.

म्हणून तर विश्रामबागकडं मागणी जास्त आणि दरही जास्त. ज्याचं बजेट कमी, तो सखल भागात, ओढ्याच्या कडेला जागा घेतो. पूर सगळ्यांना येतो असं आपण म्हणतो, पण दरवेळी पहिल्यांदा घर सोडावं लागतं ते त्यालाच.

तेव्हा बुकिंगचा चेक देण्याआधी एवढं करा. निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपला प्लॉट कुठं बसतो ते नकाशावर बघा. शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, "2019 ला पाणी कुठवर होतं?" तो भिंतीवर हात लावून दाखवेल. साताऱ्यात सकाळी जाऊन सोसायटीतल्या बायकांना नळाची वेळ विचारा.

आणि एक मागणी. जाहिरातीत स्टँड किती मिनिटांवर ते छापता ना? मग 2019 चं पाणी किती फुटांवर होतं तेही छापा. कर्ज वीस वर्षांचं असतं. तेवढ्या काळात कृष्णामाई एकदा तरी दारात येणार, हे धरूनच घर घ्यायला हवं.