मागच्या सीटवरचा इतिहास

रोम शहरात म्हणे पैसे मोजले की एक माणूस तुम्हाला स्कूटरवर बसवतो आणि तीन-चार तासांत दोन-अडीच हजार वर्षं दाखवून परत आणून सोडतो. १९५३ साली ‘रोमन हॉलिडे’ हा सिनेमा आला. त्यात एक राजकन्या स्कूटरवरून गाव हिंडली आणि तेव्हापासून रोम पाहायचं तर असंच, अशी पुष्कळांची समजूत झाली. मला यात नवल वाटलं ते फक्त पैशांचं. आमच्या पुण्यात हा उद्योग घरोघरी चालत आलेला आहे आणि तोही फुकट. पाहुणा आला, चहा झाला, की यजमान किल्ली उचलतो आणि म्हणतो, “चला, जरा गाव दाखवून आणतो.” पाहुण्याला नाही म्हणायची सोय नसते, कारण परतीची गाडी रात्रीची असते.

बरं, रोमचं आणि आमचं या बाबतीत सोयरपणही आहे. युद्धात विमानं बांधणाऱ्या पिआज्जिओ कंपनीने युद्ध संपल्यावर, १९४६ साली, व्हेस्पा स्कूटर काढली. व्हेस्पा म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. परवाना घेऊन बजाजने ती आपल्याकडे करायला घेतली. १९७१ साली तो परवाना संपला आणि १९७२ साली ‘चेतक’ आली. माशीचा घोडा झाला! नाव राणा प्रतापाच्या घोड्याचं. फरक इतकाच, की राणा प्रतापाला घोड्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागलं नव्हतं. आमच्या पिढीत मुलाच्या मुंजीला स्कूटर नोंदवायची आणि त्याच्या लग्नापर्यंत वाट पाहायची, असा हिशेब असे. आलेली स्कूटर सकाळी सुरू झाली नाही, तर तिला तान्ह्या बाळासारखी कुशीवर कलती करायची, दोन क्षण थांबायचं आणि पुन्हा किक मारायची. शेजारची चार माणसं सल्ला द्यायला गोळा झाल्याशिवाय ती सुरू झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

स्कूटरवरून इतिहास सांगण्यात दोन अडचणी असतात. पहिली, सांगणारा पुढे आणि ऐकणारा मागे. “हा दिल्ली दरवाजा!” असं आपण ओरडावं, तर मागून “नको, आत्ताच घेतला!” असं उत्तर येतं. त्याला चहा ऐकू आलेला असतो. दुसरी अडचण एकेरी वाहतुकीची. इतिहास शाळेत एकापुढे एक सन असा शिकवतात. गावात तो वाहतुकीच्या बाणाप्रमाणे शिकावा लागतो. शिवाजी रस्ता आमच्या आठवणीत उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत आला आहे आणि बाजीराव रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे. त्यामुळे एका रस्त्याने काळ साधारण पुढे जातो आणि दुसऱ्याने सरळ मागे येतो.

पहिली अडचण माझ्या भाचीने सोडवली. ती गेल्या वर्षी अकोल्याहून कॉलेजसाठी पुण्यात आली आणि तिने विजेवरची स्कूटर घेतली. आवाज नाही, धूर नाही, कलती करायचं कारण नाही. म्हणाली, “मामा, तुम्ही मागे बसा आणि बोला. मी चालवते.” मार्गदर्शकाने मागे बसायचं, ही सुधारणा रोमकरांना अजून सुचली असेल असं वाटत नाही.

आम्ही शनिवारवाड्यापासून निघालो. १० जानेवारी १७३० ला, शनिवारी, पहिल्या बाजीरावाने याचा पाया घातला आणि दोन वर्षांत वाडा उभा राहिला. आज दोन वर्षांत आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला रंग होत नाही. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली आणि आतले महाल जळून गेले. उरले ते तट, दरवाजे, जोती आणि कारंजी. नारायणरावाचा खून १७७३ च्या ऑगस्टातला. ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी अजून इथे ऐकू येते म्हणतात. मी ती प्रत्यक्ष ऐकली, पण ती माझीच होती. समोरून बस आली, तेव्हा काका जवळ नसल्याने मी भाचीलाच हाक मारली.

“डावीकडे लालमहाल!” मी म्हणालो. ही इमारत महापालिकेने १९८० नंतर बांधलेली. मूळ वाडा केव्हाच गेला. शाहिस्तेखान १६६० साली पुण्यात आला आणि तीन वर्षं शिवाजी महाराजांच्याच घरात मुक्काम ठोकून बसला. १६६३ च्या एप्रिलमध्ये महाराजांनी रात्री छापा घालून त्याची बोटं तोडली, तेव्हा कुठे हलला. दुसऱ्याच्या जागेत मुक्काम करणाऱ्याला शेवटी उचलावंच लागतं. हल्ली ते काम क्रेनवाले करतात आणि बोटांऐवजी दंडावर भागवतात.

पुढे बुधवारात, दगडूशेठ गणपतीच्या समोर, सिग्नलसाठी गाड्यांची रांग लागली होती. आम्ही थांबलो. बाजूला पत्रे लावलेली रिकामी जागा होती.

“मामा, इथे काय आहे?”

“आत्ता काही नाही. होतं.”

तो भिडेवाडा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी इथे मुलींची शाळा काढली. वाडा पुढे कुजत राहिला, त्याचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला, राष्ट्रीय स्मारक बांधण्यासाठी. मी तिला सांगितलं, की सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघाल्या की लोक शेण, चिखल, दगड मारायचे. म्हणून त्या एक जादा लुगडं बरोबर ठेवायच्या आणि शाळेत पोचल्यावर बदलायच्या.

“रोज चालत?”

“चालतच.”

“आणि रोज शेण?”

“रोज नसेल. पण लुगडं रोज न्यावं लागत असणार. कोणत्या दिवशी पडेल ते काय सांगून थोडंच पडतं?”

ती त्या पत्र्यांकडे पाहत राहिली. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले आणि एक गृहस्थ ओरडले, “ओ ताई, झेपत नाही तर गाडी कशाला चालवता?” भाची शांतपणे म्हणाली, “मामा, हे काका त्याच वेळचे दिसतात,” आणि निघाली.

पुढे मंडई. ही १८८६ सालची. तेव्हाचं नाव लॉर्ड रे मार्केट. नगरपालिकेत असताना जोतीरावांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा शाळांना द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं कोणी ऐकलं नाही, इमारत झाली आणि पुढे तिलाच महात्मा फुले मंडई असं नाव दिलं. मोठ्या माणसाचं म्हणणं ऐकण्यापेक्षा त्याचं नाव देणं स्वस्त पडतं, हे आपल्याकडच्या कारभाऱ्यांना फार लवकर कळलेलं आहे.

मंडईला वळसा घालून आम्ही शनिपारापाशी बाजीराव रस्त्याला लागलो आणि काळ उलटा फिरला. उजेडात चमकणारं लाकडी कोरीवकाम दिसलं, तो विश्रामबागवाडा. १८२१ साली इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा उघडली. त्याच्या आधी दुसरा बाजीराव इथे राहत होता. मग अप्पा बळवंत चौक, पुस्तकांची गर्दी. पुढे नाना फडणिसांचा वाडा, म्हणजे १७८० च्या सुमारास येऊन पोचलो, आणि समोर पुन्हा १७३२. “मामा, आपण मागे मागे चाललोय,” भाची म्हणाली. मी म्हटलं, “एकेरी आहे. परत पुढे जायचं असेल तर शिवाजी रस्त्यानेच जावं लागेल.”

ती रोज तसंच जाते. तिची खोली कसब्यात आणि कॉलेज टिळक रस्त्यावर. सकाळी साडेसातला त्या पत्र्यांवरून मुलींच्या स्कूटरी जातात. तोंडाला रुमाल, पाठीला दप्तर, कोणी परीक्षेला, कोणी कचेरीला, कोणी नुसतीच उशिरा निघालेली म्हणून भरधाव. स्मारक होईल तेव्हा होईल. तोवर मी पाहुण्यांना साडेसातलाच तिथे नेतो आणि वाड्याकडे न दाखवता रस्त्याकडे दाखवतो.

परवा भाचीच्या डिकीत एक जादा ड्रेस घडी घालून ठेवलेला दिसला. “हा कशाला?” मी विचारलं.

“पाऊस, मामा. खड्ड्यातलं पाणी उडवतात लोक.”

“मुद्दाम?”

“काही जण मुद्दाम,” ती म्हणाली आणि डिकी बंद करून कॉलेजला गेली.